ओठावरची न भरणारी जखम : पंधरा दिवसांची कसोटी

पहाटे पाचच्या सुमारास अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर या स्थानकांबाहेर उभे राहिले, तर कामावर निघालेल्या माणसांच्या हातून होणारी एक क्रिया हमखास दिसते. तळहातावर तंबाखू घेतली जाते, चुन्याच्या डबीतून बोटभर चुना लावला जातो, अंगठ्याने ती मळली जाते आणि खालचा ओठ किंचित पुढे ओढून तिचा बार ओठ व हिरडी यांच्यामध्ये भरला जातो. दिवसातून आठ-दहा वेळा हे घडते. ओठाच्या आतील नाजूक त्वचेवर वर्षानुवर्षे काय परिणाम होत असतो, याचा विचार त्या क्षणी कोणी करीत नाही. मग एखाद्या दिवशी त्याच जागी एक लहानशी जखम दिसते. ती दुखत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. आणि दुखत नाही, हेच तिचे सर्वांत फसवे लक्षण असते.

ओठावर फोड किंवा जखम होणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. अशा जखमांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात व आपोआप बऱ्या होतात. परंतु काही थोड्या जखमा गंभीर आजाराची पहिली सूचना असतात. या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी सामान्य नागरिकाजवळ एक सोपे साधन आहे, ते म्हणजे भिंतीवरील दिनदर्शिका. जखम दिसलेल्या दिवशी तारखेवर खूण करावी. पंधरा दिवसांत ती पूर्ण भरून आली नाही, तर ती डॉक्टरांना दाखवावी. हा नियम पाळला गेला, तर अनेकांचे प्राण वाचू शकतील.

ओठाला जखम का होते?

ओठ हा शरीराचा एक विशेष भाग आहे. बाहेरून तो त्वचेचा आहे, आतून तो तोंडाच्या ओलसर अस्तराचा आहे आणि या दोहोंच्या मध्ये लालसर पट्टा आहे. या पट्ट्यावरील आवरण अतिशय पातळ असते. त्यात घामाच्या ग्रंथी नसतात, म्हणून तो लवकर कोरडा पडतो. ऊन, वारा, गरम चहा, दातांची टोके, तंबाखू व जंतू या सर्वांशी त्याचा रोज संबंध येतो. त्यामुळे तेथे जखम होण्याची कारणेही अनेक आहेत.

ताप उतरताना ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुपका उठतो, हे पुष्कळांनी अनुभवलेले असते. ताप ओठावाटे बाहेर पडला, अशी लोकांची समजूत आहे. वस्तुतः हा हर्पिस नावाच्या विषाणूचा परिणाम होय. हा विषाणू बहुधा लहानपणीच शरीरात शिरतो, मज्जातंतूंत सुप्त राहतो आणि ताप, कडक ऊन, जागरण किंवा मानसिक ताण यांचे निमित्त होताच पुन्हा डोके वर काढतो. आधी त्या जागी चुणचुण होते, नंतर फोड येतात, ते फुटून खपली धरते आणि साधारणतः सात ते दहा दिवसांत जागा स्वच्छ होते. असा फोड असताना बाळाचे मुके घेऊ नयेत, कारण नवजात अर्भकाला हा संसर्ग घातक ठरू शकतो. रुमाल व पेला वेगळा ठेवावा आणि फोडाला हात लावून तोच हात डोळ्यांना लावू नये.

ओठांचे दोन्ही कोपरे चिरणे हा दुसरा नेहमीचा प्रकार. शाळेतील मुलांत तो पुष्कळदा दिसतो. रक्तक्षय, ब जीवनसत्त्वाची कमतरता किंवा बुरशीचा संसर्ग यांमुळे तो होतो. दात गेलेल्या वृद्धांत ओठ आत वळतात, कोपऱ्यांत लाळ साठते व तेथे बुरशी वाढते. केवळ मलम लावून हा त्रास पुन्हा पुन्हा उलटतो. मूळ कारण दूर करावे लागते.

ओठाच्या आतल्या बाजूस येणारा गोल, पिवळसर, लाल कडेचा व्रण म्हणजेच लोकभाषेत तोंड येणे. तो फार दुखतो, परंतु एक-दोन आठवड्यांत भरतो. तुटलेल्या दाताचे टोक किंवा बसत नसलेली कवळी एकाच जागी सतत घासल्यानेही जखम होते. अशा वेळी दात किंवा कवळी घासून नीट करून घेतल्याशिवाय जखम भरत नाही.

आणखी एका कारणाचा उल्लेख संकोच बाजूस ठेवून करणे आवश्यक आहे. उपदंश या लैंगिक संसर्गाचा पहिला व्रण कधी कधी ओठावर उठतो. त्याची कड टणक असते आणि तो दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप नाहीसा होतो. मात्र रोग शरीरात राहतो. साध्या रक्ततपासणीने निदान होते व पेनिसिलिनने तो पूर्ण बरा होतो. म्हणजे पंधरा दिवसांचा नियम येथेही उपयोगी पडतो.

कर्करोगाची चाहूल

ज्या जखमेची खरी काळजी करावयाची, ती बहुधा खालच्या ओठावर असते. तिची कड उंचावलेली किंवा टणक लागते, बूड कडक असते, मध्यभागी खपली धरते व निघते, कधी किंचित रक्त येते. सुरुवातीच्या काळात वेदना नसतात. काही वेळा जखमेच्या आधीच त्या जागी पुसता न येणारा पांढरा चट्टा किंवा मखमलीसारखा लाल चट्टा दिसतो. पांढऱ्या चट्ट्यापेक्षा लाल चट्टा अधिक धोक्याचा समजला जातो. हनुवटीखाली किंवा मानेत गाठ लागणे, ओठ बधिर होणे, जवळचा दात हलू लागणे ही पुढची लक्षणे होत.

ऑस्ट्रेलियासारख्या देशांत ओठाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण कडक ऊन हे आहे. उघड्यावर काम करणारे गोऱ्या वर्णाचे शेतकरी व मच्छीमार यांच्या खालच्या ओठावर वर्षानुवर्षे सूर्यकिरण पडतात व तेथे रोग उद्भवतो. आपल्याकडे त्वचेतील रंगद्रव्य काहीसे संरक्षण देते. तरीही वेसावे, मढ, गोराई येथील समुद्रावर राबणाऱ्या कोळी बांधवांनी रुंद काठाची टोपी वापरणे हिताचे आहे. महाराष्ट्रात मात्र ओठाच्या आतील बाजूस, गालाला व हिरडीला होणाऱ्या कर्करोगाचे मुख्य कारण तंबाखू व सुपारी हेच आहे.

तंबाखूत नायट्रोसमाइन वर्गातील कर्करोगकारक द्रव्ये असतात. चुना अल्कधर्मी असल्याने निकोटिन लवकर शोषले जाते व त्यामुळे तलफ पक्की होते. शिवाय तो अस्तराला सतत चुरचुरवीत राहतो. सुपारी निर्धोक आहे हा समजही चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. सुपारीमुळे गालाच्या आतील अस्तर ताठर होत जाते व तोंड उघडेनासे होते. ग्रामीण व शहरी स्त्रियांत रूढ असलेली मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, हाही तंबाखूचाच प्रकार आहे. दात घासण्याच्या निमित्ताने ती दिवसातून अनेकदा लावली जाते आणि ती व्यसन असल्याचे घरात कोणाला वाटतही नाही.

मुंबईतील संशोधनाचा वारसा

या रोगाच्या अभ्यासात मुंबईचा वाटा मोठा आहे. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या वतीने १९६३ मध्ये मुंबईत लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतातील अशा प्रकारची ही पहिली नोंदणी होय. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने मुंबईतील पोलीस शिपायांची तोंडे तपासून, तंबाखूची सवय व पांढरे चट्टे यांच्या संबंधाचा दहा वर्षे पाठपुरावा केला. याच विभागाने पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचे नाते आपल्याच राज्यातील पोलिसांच्या व शेतकऱ्यांच्या तोंडांतून असे सिद्ध झाले आहे.

तरीही सवय कायम आहे. २०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत होत्या. धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. याचा अर्थ, महाराष्ट्राचा तंबाखूचा प्रश्न हा मुख्यत्वे तोंडात धरल्या जाणाऱ्या तंबाखूचा प्रश्न आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानामुळे गावोगावी परिचित असलेले नेते आर. आर. पाटील यांचे १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने निधन झाले. हा रोग पद, प्रतिष्ठा पाहून येत नाही, याचे स्मरण या घटनेने राज्याला करून दिले.

आरशासमोरची तपासणी

तंबाखू, सुपारी, विडी किंवा मशेरी यांची सवय असलेल्या प्रत्येकाने महिन्यातून एकदा स्वतःचे तोंड तपासावे. त्यासाठी आरसा व चांगला प्रकाश एवढेच लागते. प्रथम चूळ भरावी व हात स्वच्छ धुवावेत. खालचा ओठ खाली ओढून त्याची आतील बाजू व हिरडी पाहावी, मग वरचा ओठ उचलून पाहावा. दोन्ही गाल बोटाने बाजूला सारून आतून पाहावेत. जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा आणि नंतर टाळूला लावून जिभेखालचा भाग पाहावा. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत ओठ धरून सर्वत्र चाचपावा; कडक गाठ लागते का ते पाहावे. शेवटी तीन बोटे उभी धरून ती वरच्या व खालच्या दातांच्या मध्ये शिरतात का, ते पाहावे. ती शिरत नसतील, तर तोंडाचे अस्तर ताठर होऊ लागले आहे असे समजून दंतवैद्याकडे जावे.

घरी काय करावे, काय टाळावे

पहिल्या पंधरा दिवसांत साध्या जखमेची काळजी घरी घेता येते. कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरावी. ओठ कोरडा पडू नये म्हणून साधे व्हॅसलीन किंवा तूप लावावे. खपली सोलू नये. तिखट, फार गरम पदार्थ टाळावेत. तंबाखू, सुपारी व विडी पूर्ण बंद ठेवावी. हिरव्या पालेभाज्या, डाळी, दूध व अंडी यांचा आहारात समावेश करावा.

चुना, मोरचूद, कापूर किंवा दंतमंजन जखमेवर लावण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. त्यामुळे जखम भाजून निघते आणि तिचे मूळ स्वरूप डॉक्टरांना ओळखता येत नाही. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने मलम आणणेही तितकेच घातक आहे. पुष्कळशा मलमांत स्टेरॉइड असते. त्याने सूज तात्पुरती उतरते, रुग्णाला बरे वाटते आणि मोलाचे दिवस वाया जातात. विषाणूजन्य फोड तर अशा मलमाने अधिक चिघळतो. मधुमेह असलेल्या व ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे अशा रुग्णांनी पंधरा दिवसही थांबू नये. जखम झपाट्याने वाढत असेल, तिच्यातून रक्त येत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर कोणीही त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

तुकड्याच्या तपासणीचे भय

संशयास्पद जखमेचा निर्णय केवळ पाहून होत नाही. जागा बधिर करून जखमेच्या कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात व तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. यालाच बायॉप्सी म्हणतात. काही मिनिटांचे हे काम असून सहसा त्याच दिवशी घरी जाता येते. परंतु ‘हत्यार लागले की रोग पसरतो’ हा समज समाजात खोलवर रुजला आहे आणि त्यापायी पुष्कळ रुग्ण रुग्णालयातून परत फिरतात. हा समज निराधार आहे. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. तपासणी टाळल्याने गेलेल्या महिन्यांत तो पसरतो. मग नातेवाईक काढलेल्या तुकड्याला दोष देतात.

कर्करोगाचे निदान झाले तरी धीर सोडण्याचे कारण नाही. दोन सेंटीमीटरपेक्षा लहान असलेली गाठ शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने काढून टाकता येते, ओठाचा आकार बव्हंशी पूर्ववत करता येतो आणि अशा अवस्थेत आलेले बहुसंख्य रुग्ण बरे होतात. मानेतील गाठींवर वेळीच इलाज करण्याचे महत्त्व टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी दाखवून दिले आहे. सुरुवातीच्या अवस्थेतील तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर त्यांनी केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मूळ शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील गाठी काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. थांबण्याची किंमत किती मोठी असते, हे या आकड्यांवरून कळते.

कोठे जावे?

उपनगरातील रहिवाशांना प्रथम जवळचा महापालिका दवाखाना गाठता येतो. पुढील तपासणीसाठी विलेपार्ले येथील कूपर, कांदिवली येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर व घाटकोपर येथील राजावाडी ही महापालिकेची रुग्णालये आहेत. मुंबई सेंट्रल येथील नायर दंत रुग्णालय व फोर्ट भागातील शासकीय दंत महाविद्यालय येथे तोंडाच्या रोगांचे स्वतंत्र विभाग आहेत. टाटा स्मारक रुग्णालयासाठी मुलुंड-घाटकोपरकडील रुग्णांना मध्य रेल्वेचे परळ स्थानक आणि बोरिवली-अंधेरीकडील रुग्णांना पश्चिम रेल्वेचे प्रभादेवी स्थानक सोयीचे पडते. खर्चाच्या भीतीने कोणी मागे राहू नये, यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ती वेगळ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत मुंबई शहर व उपनगर यांचा समावेश होता. कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार यांचा तिच्यात अंतर्भाव आहे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर सल्ला मिळतो.

गाव आणि उपनगर

मुंबई उपनगर जिल्ह्याचा नागरी कारभार महानगरपालिका पाहते, तेथे ग्रामपंचायती नाहीत. तथापि घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या चाळींत व वस्त्यांत राहणारी असंख्य कुटुंबे सातारा, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील गावांशी आजही बांधलेली आहेत. गणपतीला, शिमग्याला, जत्रेला ती गावी जातात. मुंबईत कामाचा खाडा परवडत नाही म्हणून ‘गावी गेल्यावर बघू’ असे रुग्ण म्हणतो आणि गावी गेल्यावर ‘मुंबईला मोठे डॉक्टर आहेत’ असे त्याला सांगितले जाते. या जाण्या-येण्यात जखमेचे सहा महिने निघून जातात. म्हणूनच या कामी पंचायत सदस्याचा शब्द मोलाचा आहे. सणासाठी गावी आलेल्या चाकरमान्याच्या ओठावर जुनी जखम दिसली, तर त्याला परतीच्या प्रवासाआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणे हे सदस्याला सहज करता येईल. आशा स्वयंसेविका तीस वर्षांवरील व्यक्तींची माहिती घेताना तोंडातील जखम व चट्टे यांबद्दल विचारतात. मशेरी लावणाऱ्या स्त्रिया संकोचाने उत्तर टाळतात. तेथे महिला सदस्यांनी पुढाकार घ्यावा.

शिक्षकांचे कार्य याहून आधी सुरू होते. २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास, तसेच १८ वर्षांखालील व्यक्तींना ते विकण्यास मनाई आहे. गुटखा व पानमसाला यांवर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी असून तिची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली आहे. शाळेजवळची टपरी हटविण्यासाठी मुख्याध्यापकांनी लेखी तक्रार करावी आणि अधिकाऱ्यांनी तिची त्वरित दखल घ्यावी. वर्गात पंधरा दिवसांचा नियम शिकविला, तर तो त्याच संध्याकाळी घरी पोहोचतो. वडिलांच्या ओठावरची जखम सर्वांत आधी मुलांच्याच दृष्टीस पडते.

कार्यालयांतही हे शक्य आहे. शिपाई, वाहनचालक, सफाई कामगार यांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत तोंड उघडून पाहण्याची दोन मिनिटे घालावीत. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. एक विजेरी, एक आरसा व पाहण्याची इच्छा पुरते.

ओठावरची जखम लपून राहत नाही. शरीरातील इतर पुष्कळ कर्करोग आत खोल वाढतात व ते शोधण्यास यंत्रे लागतात. हा रोग मात्र घरातल्या, कामावरच्या, शेजारच्या प्रत्येकाला दिसत असतो. त्यामुळे तो वेळेवर ओळखण्याची जबाबदारी रुग्णाइतकीच त्याच्या सभोवतालच्या माणसांची आहे. ‘ही जखम किती दिवसांची?’ हा साधा प्रश्न आपुलकीने विचारावा, आणि उत्तर पंधरा दिवसांहून अधिक आले, तर त्या व्यक्तीबरोबर दवाखान्यापर्यंत जावे.